एका फ्रेमला अर्धा तास

गळीत हंगाम सुरू झाला की कसबा बावड्यात सगळ्यात आधी वास येतो. शहर मागं पडतं, रस्त्याकडेला उसाच्या बैलगाड्या दिसायला लागतात, आणि मळीचा तो गोडसर, जरा आंबलेला, नाकाला चिकटून बसणारा वास रिक्षात शिरतो. बाहेरचं पावणं असलं तर नाकाला रुमाल लावतं. आम्ही बावड्याची माणसं तो रुमाल बघून मनातल्या मनात दोन शिव्या देतो आणि गप बसतो. परवा रिक्षात माझाच हात रुमालासाठी खिशात गेला. मग स्वतःलाच एक शिवी हासडली आणि हात बाहेर काढला.

चार वर्षं झाली मला मुंबईला जाऊन. परवा आलो ते बंद घर उघडायला. अप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्या श्रावणात गेले. मागचं दीड एकर शेजारच्या बाबगोंडाकाकांच्या पोरानं वाट्यानं करायला मागितलंय, त्याचं बोलून टाकायचं होतं. थोरली बहीण, आमची अक्का, संकेश्वराहून आली होती. कुलूप काढलं तर आत मळीचा वास भरून राहिलेला. घर श्रावणापासून बंद, तरी हंगाम आत आलाच होता. अक्का पदर खोचून झाडायला लागली आणि मी जिन्यानं वरच्या खोलीत गेलो. टेबल होतं. टेबलावर कॉम्प्युटरच्या बुडाचा चौकोन धुळीतनंही अजून ओळखू येत होता.

त्या टेबलावर मी एक हंगामभर पाणी केलं. सन पाच-सहाचा हंगाम. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमची आई, अव्वा, गेली. मी पुण्यात एका कंपनीत होतो. मातीला आलो आणि परत गेलोच नाही. थोडे दिवस राहतो म्हणालो. अप्पा राहा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. आमच्या घरात बोलण्याचं कंत्राट अव्वाकडं होतं. आमचं मूळ नेसरीचं, अव्वाचं माहेर त्याच्या पलीकडं, सीमेला लागून. ती दोघं एकमेकांशी कन्नड बोलायची आणि आम्हा पोरांशी मराठी. अक्काला दोन्ही येतं. मला कन्नड थोडंफार समजतं, बोलायला गेलो की लोक हसतात. त्यामुळं अव्वा गेली आणि घरातली एक अख्खी भाषाच बंद पडली. अप्पा सकाळी विभूती लावून इष्टलिंगाची पूजा करायचे, तेवढंच काय ते कन्नड घरात ऐकू यायचं. रविवारी अक्काचा फोन आला की मात्र ते पायरीवर बसून तासभर बोलायचे. मी वरनं ऐकायचो. मराठीत इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलेलं नव्हतं.

तर पुण्याची नोकरी गेली आणि मुंबईच्या एका स्टुडिओचं काम आलं. सिनेमात नदीला पूर येतो आणि पाणी देवळाच्या पायऱ्या चढून आत शिरतं. दहा सेकंदं. खरं देऊळ बुडवता येत नाही, म्हणून पाणी कॉम्प्युटरवर करायचं. स्टुडिओतला देसाई नावाचा माणूस फोनवर स्पष्टच बोलला. मार्चअखेर पाणी झालं, आणि आमच्या वेळेत होतंय असं दिसलं, तर मुंबईला ये, कायमचा घेतो. नाही झालं तर नमस्कार. मी ते अप्पांना जेवताना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि ताकाचा पेला उचलला. म्हणजे त्या दिवसापासून घरात दोघांनाही ठाऊक होतं की पाणी जमलं तर मी जाणार, आणि ह्या घरात अप्पा एकटे राहणार.

आता ही पाण्याची काय भानगड असते ते सांगतो. कॉम्प्युटरला पाणी माहीत नसतं. त्याला खाने माहीत असतात. जागेचे बारीक चौकोनी खाने पाडायचे, एकाला एक लागून, एकावर एक. माझ्या नदीचे वीसेक लाख झाले होते. प्रत्येक खान्यातलं पाणी कुठं निघालंय आणि किती जोरात, एवढं मांडून ठेवायचं आणि ढकलायचं. इथवर सोपं. घोडं अडतं ते पुढं. पाणी दाबून लहान होत नाही, खान्यात जेवढं आलं तेवढं बाहेर पडलंच पाहिजे. त्यासाठी प्रत्येक खान्यात दाब किती हवा ते काढायचं. आणि एका खान्याचा दाब शेजारच्या सहांवर अवलंबून, त्या सहांचा त्यांच्या शेजाऱ्यांवर. निव्वळ भाऊबंदकी. एकाचं मिटवावं तर दुसऱ्याचं उसवतं. म्हणून सगळ्यांच्या दारावरनं फिरायचं, ह्याचं थोडं त्याचं थोडं जमवत, अशा हजार फेऱ्या मारायच्या, तेव्हा कुठं सगळे गप होतात. नदीचं एक चित्र, म्हणजे एक फ्रेम, व्हायला अर्धा तास लागायचा. त्यातली दोन मिनिटं बाकीच्या कामाला आणि अठ्ठावीस मिनिटं नुसत्या दाबाला. नाकापेक्षा मोती जड. आणि दहा सेकंदांच्या नदीला अशा अडीचशे फ्रेम.

वर भारनियमन. सकाळी चार तास वीज गायब, संध्याकाळी पुन्हा. बॅटरी होती, ती कॉम्प्युटर सभ्यपणे बंद करण्यापुरती. सुरुवातीला मी केलेलं काम मधनंमधनं साठवत नव्हतो. एका सकाळी एक्केचाळीस फ्रेमांचं पाणी खटकन गेलं. मी खुर्चीवर लाथ मारली. खुर्ची लाकडी होती, अंगठा आठ दिवस सुजला. विजेचं वेळापत्रक अप्पांना तोंडपाठ असायचं, कारण नदीवरची मोटर त्याच विजेवर चालायची. सकाळी चहा देताना ते सांगायचे, आज दहाला जाणार, दोनला येणार. घरात दोन माणसं आणि दोघांचंही पाणी विजेवर अडलेलं.

मी फ्रेम लावायचो आणि मग अर्धा तास करायचं काय? पहिल्या दिवशी पडद्याकडं बघत बसलो. दुसऱ्या दिवशी खाली आलो. अप्पा खुरपं घेऊन मागच्या रानात निघाले होते. मला ते तम्मा म्हणायचे, कन्नडात धाकटा. दारात थांबून म्हणाले,

"तम्मा, किती येळ हाय?"

"अर्धा तास."

"मग चल."

झालं. पुढं तीन महिने आमचं बोलणं मुख्यतः एवढंच. फ्रेम लागली की मी खाली यायचो, ते विचारायचे, मी सांगायचो, आणि आम्ही निघायचो. उसाचा वाळका पाला ओढायचा. बांधावर बसायचं. हरभऱ्याचे डहाळे सोलायचे. कधी रस्त्यावर जाऊन कारखान्याकडं लागलेली गाड्यांची रांग बघायची. बैल रवंथ करत उभे, गाडीवान उसाच्या सावलीत आडवे, मागच्या ट्रॅक्टरवर टेप कोकलतोय. अप्पा रांग मोजायचे आणि आज वजनकाट्याला किती वाजतील ते सांगायचे. मी घड्याळ बघायचो, परत यायचो, झालेली फ्रेम बघायचो, पुढची लावायचो आणि पुन्हा खाली.

हळूहळू अप्पा फ्रेमचंच माप वापरायला लागले. चहाला अर्धी फ्रेम. दाढी एक फ्रेम. शहरात जाऊन खत घेऊन येणं चार फ्रेम. एकदा बाबगोंडाकाका दारात आले. जैनाचं माणूस, तोंडानं फटकळ, अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांना अप्पा म्हणाले, बस, दोन फ्रेमा बसलास तर भाकरी खाऊन जाशील. काका माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले की पोराचं डोकं फिरलंय हे ठाऊक होतं, बापाचं कधी फिरलं? अप्पा हसले. अव्वा गेल्यावर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा.

भाकरी आम्हाला दोघांनाही येत नव्हती. अप्पांनी शिकायची ठरवली. पीठ मळणं जमलं, थापणं काही जमेना. परातीत भाकरी फिरवायची असते, ती त्यांच्या हाताखाली फिरायची नाही, हात फिरायचे आणि भाकरी जागेवर. नकाशा तयार व्हायचा. मी एकदा म्हणालो की अप्पा, हा बेळगाव जिल्हा झाला. ते म्हणाले, मग गुमान खा, नायतर त्याचा बी वाद सुरू हुईल. खर्डा, ताक, बेळगाव जिल्हा. ते जेवण मला अजून आठवतं आणि आज मुंबईत डब्यातली गोल गोल भाकरी बघितली की उगाच चिडचिड होते.

एवढं असून एकटं वाटायचं नाही असं नाही. उलट भयंकर वाटायचं. मी जे करत होतो ते अख्ख्या कोल्हापुरात बोलायला दुसरं माणूस नव्हतं. राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत जाऊन परदेशातल्या लोकांचे शोधनिबंध छापून आणायचो, पानाला पैसे देऊन. कॅफेवाला विचारायचा, परीक्षा हाय काय? मी हो म्हणायचो. समजावून सांगायची ताकद नव्हती. शाळेतले मित्र भेटले की पुण्याची नोकरी का सोडली हा एकच प्रश्न. आणि अप्पांचं एकटेपण वेगळंच. रानात कधी काम करता करता मागं वळून एखादा कन्नड शब्द टाकायचे, आणि मग मी आहे हे बघून तोच मराठीत म्हणायचे. दोन एकटी माणसं शेजारी बसली म्हणून सोबत होतेच असं काही नाही. पण बसायचो. ते बरं होतं एवढं आज कळतंय, तेव्हा मी सारखं घड्याळ बघत होतो.

डिसेंबरात मी लबाडी केली. हजार फेऱ्यांच्या जागी वीसच मारायच्या आणि थांबायचं. दाब पुरता जुळत नाही, पण बघणाऱ्याला काय कळतंय? एका मोठ्या टाकीत वरनं पाण्याचा लोट पडतोय, हिंदकळतोय, अशी चाचणी केली. फ्रेम अडीच मिनिटांत. दोन दिवसांत आठ सेकंदांचं पाणी तयार. काय चमकत होतं! सीडी कुरियरनं मुंबईला पाठवली. देसाईंचा फोन आला, एकदम खूश. पाणी मस्त आहे, चिकटपणा नाही, असंच नदीचं कर. मी हवेत. आणि हवेत असल्यामुळंच अप्पांना वर बोलावलं, बघा म्हणालो.

अप्पांनी चष्मा लावला. खुर्चीवर टेकले. एकदा बघितलं. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा बघून म्हणाले,

"पाणी कमी झालं की रं."

मी म्हणालो की कमी कसं होईल, हिंदकळतंय म्हणून तसं वाटतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. आधी हितवर हुतं, आता हितं हाय. वर कुणीतरी दार मोडलंय.

हे दार मोडणं उसाच्या रानात पाणी पाजलेल्या माणसालाच कळेल. मोटरचं पाणी पाटानं येतं, पाळीपाळीनं एकेकाच्या रानात सोडतात. सरी भरली की फावड्यानं मातीचा बांध घालून तिचं दार धरायचं आणि पुढच्या सरीचं मोडायचं. आपल्या पाळीला वरच्या कुणी गुपचूप दार मोडून पाणी आपल्याकडं वळवलं, तर खालच्या माणसाला ते दिसत नाही, फक्त पाटातलं पाणी बोटभर उतरतं. अप्पांची अख्खी हयात ते बोटभर ओळखण्यात गेली होती. त्यावरनं त्यांनी भांडणं केली होती, एकदा तर बाबगोंडाकाकांशी वर्षभर अबोला धरला होता. मुंबईच्या वातानुकूलित खोलीत चार तज्ज्ञांना जे दिसलं नाही ते ह्या माणसाला तिसऱ्या खेपेला दिसलं.

आणि मी काय म्हणालो?

"अप्पा, हे उसाचं पाणी न्हवं. तुम्हाला ह्यातलं काय कळतंय?"

मी तापट आहे, पहिल्यापासून. पण हे तापटपणानं बोललो नव्हतो, हे वाईट. थंडपणानं, त्यांच्याकडं न बघता बोललो. त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला आणि जिना उतरून गेले.

ते गेल्यावर मी सगळ्या खान्यांतल्या पाण्याची बेरीज करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या फ्रेमला किती, शेवटच्या फ्रेमला किती. पाचवा हिस्सा पाणी गायब होतं. दाब अर्धवट सोडला की प्रत्येक फ्रेमला थोडं थोडं पाणी कुठंच जात नाही, नुसतं नाहीसं होतं. टाकीत हे खपून गेलं असतं. नदीच्या अडीचशे फ्रेमांत पूर देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पोचलाच नसता.

मी देसाईंना फोन करून चूक झाली म्हणून सांगितलं. त्यांना सांगायला जीभ रेटली. अप्पांना सांगायला नाही. तुमचं बरोबर होतं, हे तीन शब्दांचं वाक्य मी त्यांना कधीच म्हणालो नाही. पुन्हा हजार फेऱ्या लावल्या, पुन्हा अर्धा तास. दुसऱ्या दिवशी खाली आलो तेव्हा ते दारात होते. किती येळ हाय, त्यांनी विचारलं. अर्धा तास, म्हणालो. मग चल. मला वाटलं, मिटलं. पुरुषांचं असंच मिटतं असा माझा समज होता.

जानेवारी फार चांगला गेला. थंडी सरता सरत नव्हती, सकाळी उसाच्या पानांवर दव, दुपारी दूर कुठंतरी पाचट पेटवलेलं आणि त्याची काळी भुगी उडत येऊन अंगणात पडायची. आमच्या उसाला तोड आली. तोडकऱ्यांच्या कोयत्यांचा आवाज दिवसभर. चार दिवसांत रान मोकळं झालं आणि घराच्या मागनं एकदम नदीपर्यंत दिसायला लागलं. आम्ही तोडलेल्या उसाच्या बुडख्यांमध्ये बसलो होतो. अप्पा नदीकडं बघत म्हणाले,

"तुझं पाणी झालं म्हंजे तू जाणार."

"व्हय."

"जा की. पण अर्धवट पाणी दिऊन जाऊ नगंस."

मी बरं म्हणालो. ते एवढंच बोलले आणि मला तेव्हा त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. पद्धत नाही म्हणून किती गोष्टी करायच्या राहतात ह्याची कुणी यादी केली तर ती वाचायला मी जाणार नाही.

छापून आणलेले कागद मी त्याच रानात, त्याच अर्ध्या अर्ध्या तासांत वाचले. एक युक्ती मला फार दिवस कळत नव्हती. ती बांधावर बसल्या बसल्या फेब्रुवारीत कळली. बारीक खान्यांच्या दारोदार फिरत बसायचं नाही. आधी आठ आठ खान्यांचा एक मोठा खाना करायचा, त्या मोठ्यांचे आणखी मोठे, असं करत करत अख्खी नदी मूठभर खान्यांत आणायची. तिथं दाब चुटकीसरशी जुळतो. मग ते उत्तर खाली वाटत यायचं, मोठ्याकडनं मधल्याकडं, मधल्याकडनं बारक्याकडं. बारक्यांनी नुसतं किरकोळ दुरुस्त करायचं. गावच्या भांडणात आधी दोन भावक्यांच्या म्हाताऱ्यांना बसवतात, मग घराघरात मिटवत येतात, तसं. कल्पना माझी नव्हती, जगानं ती कधीच शोधली होती. पण ती माझ्या नदीत बसवायला मला तीन आठवडे लागले. लिहायचो, खोडायचो, देवळाच्या भिंतींपाशी चुकायचं, पुन्हा लिहायचो.

एका सकाळी, वीज जायच्या आधी, ती चालली. दाबाला अठ्ठावीसच्या जागी एक मिनिट. पाण्याची बेरीज केली, थेंब इकडचा तिकडं नव्हता. मी उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. सांगायला कुणीतरी पाहिजे होतं आणि खाली अंगणात अप्पा शेंगा वाळत घालत होते. मी मुंबईला फोन लावला.

तिथनं पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, कारण त्यात आठवण्यासारखं काही घडलंच नाही. फ्रेम तीन मिनिटांत व्हायची. तीन मिनिटांत खाली कशाला जायचं? देसाई फोन करून म्हणायचे फेस वाढव, लाट अजून वर घे, पायऱ्यांवरचं पाणी जरा उशिरा येऊ दे. पूर्वी असं काही मागितलं असतं तर पाच दिवस गेले असते. आता दुसऱ्या दिवसापर्यंत होतंय म्हटल्यावर मागणी दुप्पट. मी खुर्चीला चिकटलो. वेळ वाचवण्यासाठी अख्खा हंगाम झिजलो आणि वाचलेला सगळा वेळ पुन्हा त्याच नदीत ओतत बसलो. मला कुणी अडवलं होतं काय? सगळी नदी चालू करून मी चार तास अप्पांबरोबर रानात बसू शकलो असतो. सुचलंच नाही. पडद्यावर पाणी चढताना बघायचं होतं मला.

अप्पा जिन्याखालनं विचारायचे, किती येळ हाय? मी वरनं ओरडायचो, हे होतंच आलंय, तुम्ही जावा. चार-पाच दिवस त्यांनी विचारलं. मग विचारायचं सोडलं. जेवायच्या वेळी ताट वर आणून दारापाशी ठेवायचे, झाकण घालून, आणि परत जायचे. भाकरी गोल होत चालली होती. ते माझ्या लक्षात आलं, पण बोललो नाही.

मार्चअखेर कारखान्याचा हंगाम संपल्याचा भोंगा झाला. त्याच आठवड्यात मी गेलो. अप्पा स्टँडवर आले, गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. जेवणाचं बघ म्हणाले. मी हो म्हणालो. सिनेमा पुढच्या वर्षी आला. दहा सेकंदांतली सहाच ठेवली होती. बाबगोंडाकाका अप्पांना घेऊन शहरात जाऊन बघून आले. फोनवर अप्पा म्हणाले, पाणी पुरलं. मी हसलो. मागं कुणीतरी हाक मारत होतं, नंतर बोलतो म्हणालो आणि ठेवला.

त्यानंतर दर रविवारी फोन केला मी. एखादा चुकला असेल. तब्येत, ऊस, वीज. पाच-सात मिनिटं. सणाला यायचो, दोन दिवस राहायचो, बरोबर लॅपटॉप असायचा. गेल्या श्रावणात अप्पा सकाळी पूजेलाच बसले होते, तिथंच कलंडले. बाबगोंडाकाकांनी आधी अक्काला कळवलं, तिनं मला.

परवा मी टेबल पुसून खाली आलो तेव्हा अक्का अप्पांचे सदरे घडी करून गाठोडं बांधत होती. वाट्याचं बोलून झालं होतं, बाबगोंडाकाका चहा घेऊन गेले होते. तिनं मान वर न करता विचारलं, त्या वर्षी तू अप्पांवर कशापायी रागावला हुतास? मला कळेना. कुठल्या वर्षी? मग तिनं सांगितलं. मी मुंबईला जायच्या आधीच्या महिन्यात अप्पा दर रविवारी फोनवर तिला एकच विचारायचे. ते जसं विचारायचे तसंच तिनं कन्नडमध्ये म्हणून दाखवलं. त्यात सिट्ट हा शब्द होता. सिट्ट म्हणजे राग, एवढं मला येतं. मग मराठीत सांगितलं, मी लहानपणापासून आहे तसा ढ, म्हणून सावकाश.

"त्याच्या पाण्याला मी नाव ठेवलं, म्हणून आता त्यो खाली येत न्हाई. अजून राग गेलेला न्हाई त्याचा. तू तरी इचार त्याला."

अक्कानं मला कधी विचारलं नव्हतं. तिला वाटलं होतं बापलेकांचं आहे, मिटेल आपोआप. पुढं मी गेलोच, फोन चालू होते, मग तिनंही तो विषय काढला नाही. अप्पांनी त्यानंतर विचारलं काय, मी म्हणालो. ती म्हणाली, दिवाळीला तू आलास की इचारायचे, आता बरा हाय न्हवं त्यो?

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. गणित लवकर सुटायला लागलं होतं. तेवढंच झालं होतं. हजाराच्या जागी दहा फेऱ्या लागत होत्या आणि त्याचं कारण मी अख्ख्या स्टुडिओला फळ्यावर आकृत्या काढून समजावलं होतं. ज्या माणसानं चूक दाखवली त्याला सांगितलं नव्हतं.

"रागावला न्हवतास न्हवं?" अक्कानं विचारलं.

न्हाई, म्हणालो. हे एवढंच खाली येऊन सांगायचं होतं. जिन्याला आठ पायऱ्या आहेत, परवा मोजल्या.